नव्या घरास कोणती मोजणी लावावी ?

जुन्या कागदांचे रुमाल सोडूं लागलें म्हणजे घरखरेदीचीं खतें, वाटणीपत्रें आणि गहाणखतें इतकीं निघतात कीं, संग्राहक तीं बहुधा बाजूस सारून ठेवितो. सनद, महजर, करीना, निदान एखादें खासगी पत्र तरी हातीं यावें अशी त्याची आशा असते. अमक्याचें घर तमक्यानें इतक्या रुपयांस घेतलें, ह्या मजकुरांत त्याचें मन रमत नाहीं. आम्हीहि ह्याच वर्गांतले. सुमारें आठ वर्षांपूर्वीं पुण्याच्या एका जुन्या पेठेंतील वाडा पाडला गेला, तेव्हां माळ्यावरील कागद रद्दीवाल्याकडे गेले व त्याजकडून ते आम्हीं वजनावर विकत घेतले. एकंदर सत्तावीस कागद. दोन-तीन चाळून पाहिले. सर्व घरासंबंधीं दिसले. रुमाल बांधून पेटींत ठेवून दिला. तो पुन्हा सोडण्याचा प्रसंग आला, तो इतिहाससंशोधनामुळें नव्हे, एका सदनिकेच्या खरेदीमुळें.

आमच्या शाळेंतला एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याच वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत पहिल्या मजल्यावरील घर तो घेणार होता. मूळ घेणारा परगांवीं जाणार म्हणून विकत होता. ताबा देऊन चार वर्षें झालेलीं. भिंतींचा रंगहि उडालेला नव्हता. दलालानें त्यास मिळकतपत्रिकेचा उतारा व सूची क्रमांक दोनचा कागद दाखवून सांगितलें होतें कीं, घर नवें असल्यानें ह्याहून अधिक पाहणीचें कारण नाहीं. तो म्हणाला, "गुरुजी, जुनें घर असतें तर मीच दहा जणांना विचारलें असतें. पण नव्या घराची मोजणी ती काय करायची, आणि करायची तर कोणती ?" आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. "रे, चार दिवस दे," एवढेंच आम्ही म्हणालों. त्या चार दिवसांचे चार महिने झाले. त्यांत जें वाचलें व पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

संस्कृत ग्रंथांपासून आरंभ करणें आमच्या स्वभावास धरून आहे; वाचक क्षमा करतील. गृहारंभापूर्वीं भूमीची परीक्षा करावी, हें आपल्याकडील वास्तुविद्येचें पहिलें अंग. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत सहाव्या शतकांतच तिची रीत दिली आहे. जागेच्या मध्यभागीं हातभर खोल खड्डा खणावा व त्याच मातीनें तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमि उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. दुसरी रीत अशी कीं, खड्डा पाण्यानें भरावा, शंभर पावलें जाऊन परत यावें, आणि पाणी उणें झालें आहे काय तें पाहावें. ह्यांत गूढ कांहीं नाहीं. घट्ट, न हाललेली माती खणली म्हणजे फुगते व खड्ड्यांत मावत नाहीं. भरावाची, पोकळ माती दाबली कीं कमी पडते. घराचा पाया मूळ भूमीवर बसणार कीं कोणीं पूर्वीं भरून काढलेल्या खाड्यावर, एवढाच प्रश्न तेथें विचारलेला आहे. शल्योद्धाराचा विधीहि ह्याच जातीचा. जमिनींत हाडें, केर, कोळसे असे जें पुरलेलें असेल तें काढल्यावांचून पाया घालूं नये. आजकाल वास्तुशास्त्र म्हणून जें सांगितलें जातें, त्यांत दाराची दिशा आणि स्वयंपाकघराचा कोपरा ह्यांची चर्चा बहुत; खड्ड्याची गोष्ट कोणी काढीत नाहीं. तीस श्रम पडतात, हें त्याचें कारण असावें.

सीमेविषयीं स्मृतींचा विचार वेगळ्या वाटेनें जातो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचा निर्णय ज्येष्ठ मासीं करावा असें म्हटलें आहे, कारण तेव्हां सीमाचिन्हें स्पष्ट दिसतात. उघड चिन्हांबरोबर गुप्त चिन्हेंहि पुरावींत : दगड, हाडें, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू, म्हणजे जीं वस्तुजातें मातींत दीर्घकाळ टिकतात तीं. साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन, तांबडीं वस्त्रें व माळा घालून सीमा दाखवावी. येथें एक गंमत लक्षांत घेण्याजोगी आहे. वास्तुविद्येस जें शल्य वाटतें तेंच स्मृतिकारास प्रमाण वाटतें. घर बांधणारा कोळसा व हाडें उकरून टाकूं पाहतो. सीमा राखणारा तींच मुद्दाम पुरतो. भूमीची परीक्षा निराळी आणि भूमीची मर्यादा निराळी, व एकीचा कागद दुसरीस लावतां येत नाहीं, हें आम्हांस पुढें महागांत शिकावें लागलें. तें मूळांतच होतें.

आतां मराठी कागदांकडे वळूं. शेताच्या मोजणींत शिवकालापासून बारीक हिशोब आहे : पांच हात पांच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेंवीस बिघ्यांचा चावर. कारण शेतावर सारा बसे. घराची गोष्ट तशी नव्हती. पेशवाईंत पुण्यांत घरांची खरेदीविक्री कोतवालाच्या चावडीवर नोंदली जाई व तीबद्दल सरकारास शुल्क मिळे. परंतु घराचें वर्णन क्षेत्रफळानें क्वचित् केलेलें असतें. तें चतुःसीमेनें केलेलें असतें. पूर्वेस अमक्याचा वाडा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याची पडकी जागा. आंतील इमारत खणांनीं मोजावयाची. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर तो खण. आणि तो सर्वत्र सारखा नसे, सुतारास मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर असे. जागेची लांबीरुंदी दिलीच तर गजांनीं व तसूंनीं, चोवीस तसूंचा गज. किंवा नुसत्या हातांनीं. परंतु जें आजच्या कोणत्याहि नकाशांत नसतें तें ह्या खतांत असतें. सामाईक भिंत कोणती, तींत कोणाच्या तुळया रोंवल्या आहेत, पागोळीचें पाणी कोठें पडावें, न्हाणीचें पाणी कोणत्या बोळांतून जावें, आडाचें पाणी कोणीं भरावें, मागल्या दारानें वहिवाट कोणाची. ज्या खतांस आम्ही नीरस म्हणत होतों, त्यांत दोन शेजारी घरें एकमेकांवर कशीं रेललीं होतीं तें सर्व लिहिलेलें आहे.

आमच्या रुमालांत सवाई माधवरावाच्या कारकीर्दींतील एक खरेदीखत निघालें. त्यांत उत्तरेस चार हातांचा बोळ 'चालता' म्हणून नमूद आहे. हात अठरा इंचांचा धरिला तर सहा फूट. आम्ही विद्यार्थ्याबरोबर जागेवर गेलों; नव्या इमारतीच्या उत्तर भिंतीस लागून बोळ मुळींच नव्हता. आमचा आनंद लपवितां आला नाहीं, हें कबूल करितों. मोडी कागदानें मिळकतपत्रिकेस खोटें पाडलें, असें आम्हीं तेथेंच बोलून टाकिलें. विद्यार्थ्यानें विकणाऱ्यास कळविलें, विकणारा खवळला, शेजारच्या घरमालकाच्या कानीं तें गेलें व त्यानें आमचा बोळ परत द्या म्हणून इमारतींतील रहिवाशांस पत्र धाडलें. एका वाचनानें तीन घरांत कलह उत्पन्न झाला. तो प्रकार पुढें सांगूं.

इंग्रजी अमलांतील मोजण्यांचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत आटोपतों. १८२८ च्या सुमारास प्रिंगल यानें दख्खनच्या जमिनीची पाहणी आरंभिली. निव्वळ उत्पन्नावर सारा बसवावा हें त्याचें तत्त्व. परंतु हाताखालील लोकांच्या लबाड्या व चुका ह्यांनीं ती पाहणी बुडाली आणि सारा असह्य झाला. १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्यानें काम केलें, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें ती पद्धति कायम झाली. तेहेतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शंकु-साखळीनें केलेल्या ह्या मोजणीचीं टिपणें, गुणाकार बुकें, आकारफोड पत्रकें भूमि-अभिलेखाच्या कचेऱ्यांतून आजहि आहेत, आणि आमच्या मतें तीं मोडी रुमालांइतक्याच आदरानें वाचण्याजोगीं आहेत. पण ही मोजणी शेतांची. गांवठाणाची बाहेरची हद्द तींत धरिली जाई. आंत घरें किती, कोणाचीं, ह्याशीं तिला कर्तव्य नव्हतें. म्हणून पेठेंतल्या घरासाठीं टिपण मागणें व्यर्थ. उलट कोथरुडासारख्या, पूर्वीं खेडें असलेल्या भागांत नवें घर घेणारानें टिपणापासूनच आरंभ केला पाहिजे, कारण तेथील प्रत्येक इमारत कोणत्या तरी सर्व्हे नंबरच्या बांधावर किंवा बांधापलीकडे उभी आहे. आणखी दूरच्या गांवांत १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एरंडवणें-डेक्कन जिमखाना भागांत नगररचना योजनेनें 'फायनल प्लॉट' पाडले. त्या योजनांचें मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यांत आहे. एकाच मातीस तीन-तीन क्रमांक लागलेले असतात, आणि घर जितकें नवें तितकी ही क्रमांकांची माळ लांब. नव्या घरास कागद थोडे, ही समजूत अगदीं उलटी आहे.

शहरांतील घरांची मोजणी ही निराळी शाखा. मुंबईंत डिकिन्सनची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झाली. पुढें १८६५ ते १८७२ ह्या काळांत लॉटन यानें चाळीस फुटांस एक इंच ह्या मोठ्या प्रमाणावर शहर उतरून काढिलें. त्या नकाशांत विहिरी, पायऱ्या, ओटे दिसतात. बाहेरच्या शहरांस १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यानें नगरभूमापनाची वाट करून दिली, व १९६६ च्या महाराष्ट्र जमीनमहसूल संहितेनें ती पुढें चालविली. चौकशी होऊन धारकास सनद मिळे आणि मिळकतपत्रिका उघडली जाई. खेड्यांतील गांवठाणें मात्र बव्हंशीं अशींच राहिलीं होतीं. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत भारतीय सर्वेक्षण विभागानें उडत्या यंत्रांनीं छायाचित्रें घेऊन त्यांची मोजणी हातीं घेतली.

मिळकतपत्रिकेविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें जरूर आहे, कारण घर घेणारा तीवरच थांबतो. तींत नगरभूमापन क्रमांक असतो, चौरस मीटरांत क्षेत्र असतें, सत्ताप्रकार असतो, मूळ धारकाचें नांव व पुढील फेरफार असतात. 'सुविधाधिकार' म्हणूनहि एक रकाना असतो. बोळाची वहिवाट, पागोळीचें पाणी, आडाचा हिस्सा हें सर्व जेथें लिहावयाचें तें हें स्थान. आम्हीं पाहिलेल्या शेंपन्नास पत्रिकांत हा रकाना कोरा होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें हे हक्क मान्य केले आहेत. ते रकान्यांत न लिहिल्यानें मरत नाहींत. पत्रिका क्षेत्र सांगते. हद्द जागेवर कोठें पडते तें सांगत नाहीं. तें हवें असेल तर हद्दकायम मोजणी मागावी लागते, आणि ती धारकासच मागतां येते. आमच्या प्रकरणांत धारक कोण ? पत्रिकेवर अद्याप जुन्या वाडेवाल्यांच्या वारसांचींच नांवें होतीं. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणें विकासकानें रहिवाशांच्या संस्थेस जागेचें अभिहस्तांतरण करून द्यावयाचें असतें; तें झालें नव्हतें. अशा संस्थांस मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ च्या दुरुस्तीनें झाली आहे, पण त्यासहि अर्ज, सुनावणी व वेळ लागतो. म्हणून एका वारसाची सही मिळवावी असें ठरलें. ते गृहस्थ ऐंशींच्या पुढचे, उपनगरांत राहणारे. मोजणीचा अर्ज कशाला म्हणून त्यांनीं विचारलें, तेव्हां बोळाची हकीकत निघाली. ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, तो बोळ आमचा नव्हेच. तो धाकट्या पातीचा."

घरीं येऊन आम्हीं रुमाल पुन्हा सोडला आणि ह्या वेळीं सत्तावीसहि कागद क्रमानें वाचिले. नववा कागद वाटणीपत्र होता. खरेदीखतानंतर दोन पिढ्यांनीं वाड्याची दोन भावांत वाटणी झाली. उत्तरेकडील अंग बोळासुद्धां धाकट्याकडे गेलें व दक्षिणेकडील अंग थोरल्याकडे राहिलें. नगरभूमापनांत त्यांचे दोन क्रमांक पडले. विद्यार्थ्याचें घर थोरल्या अंगावर उभें होतें. बोळ ज्यास लागून होता तें धाकटें अंग पुष्कळ पूर्वीं विकलें जाऊन त्यावर दुसरीच इमारत झाली होती. म्हणजे आमचें वाचन बरोबर आणि लावणें चूक. जुन्यांत जुना कागद तो अधिक प्रमाण, ही संशोधकाची खोड. येथें मधला कागद प्रमाण होता. पुढें हद्दकायम मोजणी झाली. मोजणीदारानें यंत्रानें खुणा केल्या. उत्तर भिंत आपल्या हद्दींत निघाली. शेजाऱ्यास व विकणाऱ्यास आम्ही स्वतः जाऊन क्षमा मागून आलों. शाळेंत मुलांस पूर्वापर संदर्भ पाहा म्हणून छत्तीस वर्षें शिकविलें होतें, त्याची त्या जिन्यांत फार आठवण झाली.

प्रकरण येथें संपलें असतें. परंतु त्याच वाटणीपत्रांत एक ओळ अशी होती कीं, मागील चौकांतील आड नैर्ऋत्येस, भिंतीपासून सहा हात, उभयतांचा निमेनिम. दोरी-पोहरा ज्यानें त्यानें आपला ठेवावा. आजच्या नकाशांत आड नव्हता. आम्हीं नगरभूमापनाच्या कचेरींतून जुन्या नकाशाची नक्कल मिळविली. तींत त्याच ठिकाणीं लहानसें वर्तुळ काढलेलें स्पष्ट आहे. इमारत बांधतांना मंजूर करून घेतलेल्या नकाशांत वर्तुळ गेलेलें. तो आड केव्हां बुजला, वाडा असतांच कीं पाडल्यावर, हें वृद्ध गृहस्थांस विचारलें. ते म्हणाले, १९६१ सालीं जुलैच्या बाराव्या तारखेस पानशेतचें धरण फुटून पूर आला, तेव्हां आड गाळानें भरला. पुढें त्यांतच पडक्या भिंतींचा राडारोडा लोटला. पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत त्या पुरानें किती वाडे नेले व किती दप्तरें चिखलांत गेलीं, तें येथें सांगावयास नको. पण पुरानें कागदच नेले असें नाहीं. जमिनीची जातहि जागोजाग बदलली, हें आमच्या ध्यानांत पूर्वीं आलें नव्हतें.

आतां आम्हांस वराहमिहिराचा खड्डा आठवला. विद्यार्थ्यास सांगितलें, "मोजणी पुरे झाली. आतां पाहणी कर." मोजणी भूमीची व पाहणी घराच्या देहाची, हे दोन शब्द आपण सैलपणें वापरतों, पण दोहोंचे जाणते वेगळे. महाराष्ट्रांतील महानगरपालिकांच्या कायद्यांत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना-तपासणी सक्तीची केली आहे. नव्या इमारतीस अशी सक्ती नाहीं, म्हणून नव्या घराचा घेणारा ती करीत नाहीं. जुन्या घराची पाहणी करणारा वाळवी, लोणा लागलेल्या भिंती, कुजलेल्या तुळया पाहतो. नव्यांत त्यानें निराळें पाहावें लागतें : भेगा उभ्या आहेत कीं तिरकस, कोपऱ्यांतून निघतात कीं गिलाव्यापुरत्या आहेत, दारें चौकटींत अडतात काय, गच्चीचा व न्हाणीघराचा उतार पाणी बाहेर टाकितो कीं आंत, करारांत लिहिलेलें चटई क्षेत्र भिंतीपासून भिंतीपर्यंत खरोखर भरतें काय. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यांत चटई क्षेत्राची व्याख्या करून दिली आहे : बाहेरच्या भिंती, नळांच्या पोकळ्या व सज्जे सोडून आंतील वापरण्याजोगी जागा, आंतल्या आडभिंतींसुद्धां. आमच्या विद्यार्थ्यानें स्वतः फीत लावून मोजलें. क्षेत्र बरोबर भरलें. त्या बाबतींत विकासकाकडे दोष नव्हता, हें लिहिणें न्यायाचें आहे.

ह्याच कायद्याचें एक कलम आमच्या प्रकरणांत निर्णायक ठरलें. ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधणीचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर विकासकानें तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा. मूळ घेणाऱ्याकडून पुढें घर घेणारासहि हा हक्क पोंचतो. पण मुदत ताब्याच्या तारखेपासून धांवते, नव्या खरेदीपासून नव्हे. चार वर्षें तीन महिने झालेले होते.

स्थापत्याचा एक जाणता अभियंता नेला. तो प्रथम घर पाहूं लागला. आम्हीं त्यास वाटणीपत्राची नक्कल, जुन्या नकाशाची नक्कल आणि मंजूर नकाशा असे तीन कागद एकावर एक धरून दाखविले. तो थेट खालच्या वाहनतळांत नैर्ऋत्य कोपऱ्यापाशीं गेला. तेथें खांबाजवळच्या भिंतींत तिरकस भेग होती. रंग देऊन बुजविलेली, तरी पुन्हा उघडलेली. वरच्या मजल्यावर त्याच रेषेंत दुसरी. फरशीचा उतारहि त्या कोपऱ्याकडे एका बोटानें बसला होता. शेजारीं हातभर नव्हे, दोन पुरुष खोल चाचणीचा खड्डा घेतला, तो खालीं विटांचे तुकडे, कोळसे, खापऱ्या व काळा गाळ निघाला. मनूनें सीमेंत पुरावयास सांगितलेली सामग्रीच जणूं, पण येथें सीमा नव्हती, पाया होता. इमारत पडण्याच्या बेतांत आहे असें नाहीं, पण एक कोपरा भरावावर बसला आहे व तो बसतच राहील, असा अभियंत्याचा लेखी अभिप्राय झाला. रहिवाशांनीं तो जोडून मुदतीच्या आंत विकासकास पत्र दिलें. पहिलें उत्तर टाळाटाळीचें आलें. दुसऱ्या पत्रांत जुन्या नकाशाचा क्रमांक घातला तेव्हां माणसें आलीं. पायाखालील भराव सिमेंटाच्या रसानें दाबून घट्ट केला गेला व खांबास जोड दिला गेला. तीस दिवसांचे तीन महिने झाले, पण काम झालें. विद्यार्थ्यानें एक पावसाळा जाऊं दिला. भेगेवर चिकटविलेल्या कांचेच्या पट्ट्या अभंग राहिल्या. मग त्यानें घर घेतलें.

आडावरून आणखी एक विचार सुचतो. पुण्याच्या पेठांखालीं असें पुष्कळ दडलेलें आहे. नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं कात्रजहून शहरांत आणलेला दगडी नळ, त्याचे उच्छ्वास व हौद आजहि जमिनीखालीं जागोजाग आहेत, आणि नव्या इमारतींचे पाये खणतांना तो मधून मधून लागतो. त्याच काळांत आंबील ओढ्याचा प्रवाह वळविला गेला. जुन्या पात्रावर वस्ती झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्या ओढ्यास पूर येऊन प्राणहानि झाली, तेव्हां पाणी कोणत्या वाटेनें येऊं शकतें ह्याची चर्चा वृत्तपत्रांत थोडे दिवस चालली. जुन्या खतांतील चतुःसीमांत ओढा, नळ, हौद, आड, खाडा हे शब्द जेथें जेथें आले असतील, ते पेठवार टिपून नगरभूमापन क्रमांकांशीं जुळवितां आले, तर एक अत्यंत उपयुक्त सूची होईल. हें काम एकट्याचें नव्हे. ज्या संग्राहकांकडे घरखतें आहेत, त्यांनीं निदान चतुःसीमांच्या ओळी तरी उतरून मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंती आहे. खण व हात ह्यांचे फुटांत रूपांतर करूं नये. जसें असेल तसें लिहावें. वाटणीपत्र असल्यास तें प्रथम पाहावें, हें आमच्या चुकीवरून कोणासहि पटेल.

रुमालाची गोष्ट राहिली. वृद्ध गृहस्थ एके दिवशीं मुलीस बरोबर घेऊन आमच्याकडे आले. त्यांनीं कागद पाहावयास मागितले. मोडी त्यांस येत नव्हती. वाटणीपत्रावरील पणजोबांचें नांव आम्हीं बोट ठेवून दाखविलें. थोड्या वेळानें ते म्हणाले, "हे रद्दींत गेले तेव्हां मी तिथेंच उभा होतों. काय आहे तें कोणालाच वाचतां येईना." आम्हीं वजनावर दिलेली किंमत त्यांस सांगितली व कागद परत देऊं केले. त्यांनीं घेतले नाहींत. दोन पत्रांच्या छायाप्रती मात्र मागून घेतल्या. उरलेला रुमाल त्यांच्या संमतीनें व त्यांच्या घराण्याच्या नांवें मंडळाच्या दप्तरांत ठेविला आहे. सत्तावीस कागदांची याद आंत घातली आहे. नवव्यावर लाल दोरा बांधला आहे.